सरकवायचं की पिळायचं?

मॉड्युलर सिंथेसायझर वाजवणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवा आणि फक्त एवढंच विचारा, "नॉब बरा की स्लायडर?" मग खुशाल आत जाऊन चहा टाका, प्या, कप विसळून ठेवा. बाहेर याल तेव्हा वाद चालूच असेल. शेवटी कोणीतरी समजूतदार माणूस "ज्याची त्याची आवड रे" म्हणून विषय मिटवतो. मला नेमकं तेच पटत नाही. पोह्यांत शेंगदाणे हवेत की नकोत, ही झाली आवड. नॉब की स्लायडर याला बरोबर उत्तर आहे, आणि आज बाजारात दिसणारी बरीच मॉड्यूल्स ते उत्तर चुकवतात.

तर हा विकांत त्यावर.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडंसं. दुकानात मिळतो तो नेहमीचा कीबोर्ड म्हणजे तयार थाळी. मॉड्युलरमध्ये प्रत्येक पदार्थ सुटा. स्वर निर्माण करणारा ऑसिलेटर वेगळा, त्या स्वराची धार कमी-जास्त करणारा फिल्टर वेगळा, आवाज किती वेळात चढेल आणि किती वेळात विरेल ते ठरवणारा एन्व्हलप वेगळा, एकामागून एक सूर पुरवणारा सीक्वेन्सर वेगळा. ही सगळी मॉड्यूल्स एका खोक्यात शेजारीशेजारी बसवायची आणि पॅच केबलींनी एकमेकांना जोडायची. जोडणी तुमची, म्हणून वाद्यही तुमचं. आत खेळतं ते फक्त व्होल्टेज. एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर, हा बहुतेकांनी मान्य केलेला हिशेब.

आणि किती, केवढं, कुठवर हे सांगायला प्रत्येक मॉड्यूलवर नॉब तरी असतात नाहीतर स्लायडर. उघडून बघितलंत तर आत दोन्हीकडे एकच वस्तू निघते, पोटेन्शिओमीटर. कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावरून घासत जाणारा धातूचा तुकडा. पट्टी गोल वाकवली की नॉब, सरळ ठेवली की स्लायडर. विजेला यातलं ढिम्म काही कळत नाही. फरक पडतो तो हाताला आणि डोळ्याला.

डोळ्याला जास्तच. कारण मॉड्युलरला मेमरी नसते. (काही नव्या डिजिटल मॉड्यूल्सना असते, ती सोडा.) प्रीसेट नाही, सेव्ह नाही, अनडू तर नाहीच नाही. आपल्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर पॅनेल हाच सोर्स कोड, पॅनेल हीच रॅम आणि पॅनेल हाच डीबगर. व्हर्जन कंट्रोल म्हणजे मोबाइलवर काढलेला फोटो! परवा रात्री अडीच वाजता अचानक जमून गेलेला तो आवाज आज परत हवा असेल, तर फोटो मोठा करायचा आणि प्रत्येक नॉबची रेघ कुठे वळली आहे ते डोळे फोडून बघायचं. काळ्या टोपीवर काळीच खाच असलेले नॉब असतील तर मग रामराम.

म्हणून मला वाटतं, बोटाला काय गोड लागतं हा मुद्दा दुय्यम. आधी विचारायचं ते हे, की हा आकडा वाचणार कोण? कान की डोळा? आणि तो एकटा वाचायचा आहे की शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट?

दोन्ही घराणी तशी जुनी आहेत. पिळणाऱ्यांचं घराणं रॉबर्ट मूगचं. १९६४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रूमन्सबर्ग नावाच्या छोट्या गावात त्याने आपलं मॉड्युलर उभं केलं. प्रयोगशाळेतल्या उपकरणासारखा चेहरा, नॉबच नॉब. त्याच सुमारास तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत डॉन बुक्ला वेगळ्याच विचाराचं वाद्य बनवत होता, पण पिळण्याच्या बाबतीत तोही मूगच्याच पंगतीत. १९६८ मध्ये वेंडी कार्लोसचं 'स्विच्ड-ऑन बाख' आलं आणि मूग हे नाव सिंथेसायझरचा समानार्थी शब्द होऊन बसलं. आपल्याकडेही ते आलं होतं बरं का! १९६९ साली अहमदाबादच्या एनआयडीमध्ये डेव्हिड ट्यूडरने मूगची मॉड्युलर यंत्रणा बसवून दिली. १९७२ पर्यंत तिथे झालेल्या कामाच्या टेपा पुढे कित्येक दशकं कपाटात पडून होत्या, त्यातलं निवडक २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. जरूर ऐका. 'भारतात हे सगळं कालपरवा आलं' असं वाटत असेल तर तो समज तिथल्या तिथे गळून पडतो.

सरकवणाऱ्यांचं घराणं ॲलन आर. पर्लमनचं. त्याच्या आद्याक्षरांवरून कंपनीचं नाव एआरपी. १९७१ मध्ये त्यांनी आणलेला २६०० हा माझ्या मते आजवरचा सगळ्यात वाचनीय सिंथेसायझर आहे. वाचनीय हा शब्द मुद्दाम वापरतोय. मॉड्यूल्स ठरलेली, आतून आधीच जोडलेली, आणि केबल लावली की ती आतली जोडणी तुटून तुमची चालू. डावीकडे ऑसिलेटर, मध्ये फिल्टर, मग एन्व्हलप, उजवीकडे मिक्सर. आपण ओळ वाचतो तसा आवाज डावीकडून उजवीकडे वाहतो. आणि पॅनेलभर उभे स्लायडर. आत येणारा जॅक खाली, आणि तो सिग्नल किती घ्यायचा ते ठरवणारा स्लायडर बरोब्बर त्याच्या डोक्यावर. कुठून काय येतंय आणि किती येतंय हे दोन पावलं मागे उभं राहून दिसतं. 'स्टार वॉर्स'मधला तो पिटुकला आर-टू-डी-टू चिवचिवतो ना, त्या आवाजासाठी बेन बर्टने हाच २६०० वापरला होता. एआरपी १९८१ मध्ये बंद पडली, पण २०२० मध्ये कॉर्गने २६०० परत बाजारात आणला, तोही स्लायडरांसकट. त्या स्लायडरांना हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही.

आता माझा मुद्दा जिथे सगळ्यात स्वच्छ दिसतो त्या सीक्वेन्सरकडे येऊ.

सीक्वेन्सर म्हणजे सुरांची फिरती रांग. आठ किंवा सोळा घरं, प्रत्येक घरात एक व्होल्टेज. रांग फिरत राहते आणि ऑसिलेटरला ओळीने आकडे मिळत राहतात. मूगच्या ९६० नंबरच्या सीक्वेन्सरवर आठ-आठ नॉबच्या तीन ओळी होत्या, एकूण चोवीस. जर्मनीच्या टँजरिन ड्रीमने १९७४ च्या 'फेड्रा'त मूगच्या सीक्वेन्सरकडून जे काढून घेतलं ते ऐकून आजही अंगावर काटा येतो, त्यामुळे या यंत्राने संगीत होत नाही असं म्हणायची माझी छाती नाही. पण त्या पॅनेलचा फोटो समोर ठेवा आणि सांगा, चाल वर जाते की खाली? पाचवा सूर तिसऱ्यापेक्षा उंच आहे का? नाही सांगता येत. एकेक नॉब बघायचा, त्याच्या रेघेचा कोन मनात धरायचा, पुढच्या नॉबचा कोन बघायचा, दोघांची तुलना करायची. आठ नॉबना आठ वेळा. मेंदूला इतकं गुंतवलं की कानासाठी उरतं काय?

याउलट १९७६ चा एआरपी १६०१ बघा. सोळा स्लायडर एका रांगेत. बघताक्षणी चाल दिसते. आरोह चढताना दिसतो, अवरोह उतरताना दिसतो. एखादा सूर बोंबलला तर तो आजूबाजूच्यांत उंटासारखा मान वर काढून उभा. ऐकलं, बघितलं, बोट लावून खाली घेतला, संपलं. हा आलेखच आहे, फक्त बोटाने हलवता येणारा. नंतरच्या काळात युरोरॅकमध्ये इंटेलिजेलच्या मेट्रोपोलिसने हीच अक्कल वापरली होती, आठ घरांना आठ स्लायडर. ते वाजवणारा माणूस बघा, तो वाचून वाजवत नाही, चित्र काढून वाजवतो.

हे काही फार मोठं गुपित नाही. ग्राफिक इक्वलायझर आठवतोय? ८०-९० च्या दशकातल्या प्रत्येक मोठ्या डेकवर असायचा. त्याला 'ग्राफिक' म्हणतात ते स्लायडरांच्या टोकांनी आलेख तयार होतो म्हणूनच. आणि प्रत्येक घरातला कोणीतरी दादा दोन्ही टोकं वर आणि मधले खाली असा हसरा चेहरा करून ठेवायचा. त्याला फ्रीक्वेन्सीमधलं काही कळत नसे, पण आकार कळत होता. मित्राच्या डेकवरही तो तोच आकार करायचा. तेच जर पाच नॉब असते तर? दादा हरला असता.

बरं, मग सगळीकडे स्लायडरच लावा की! तर नाही. इथे गाडी उलटी फिरते.

ऑसिलेटरच्या स्वराचं घ्या. समजा एका नॉबवर पाच सप्तकं आहेत. म्हणजे साठ अर्धस्वर. नॉब साधारण ३०० अंश फिरतो, म्हणजे एका अर्धस्वराला ५ अंश. आता टोपीचा व्यास २० मिमी असेल तर तिच्या कडेवरून बोट एकूण सुमारे ५२ मिमी प्रवास करतं, एका अर्धस्वराला मिलिमीटरभरही नाही. पण तीच टोपी बदलून ४० मिमीची बसवली तर प्रवास १०५ मिमी. आतला पोटेन्शिओमीटर तोच, खर्च एका प्लास्टिकच्या टोपीचा, आणि अचूकता दुप्पट. स्लायडरला ही सोय नाही. ४५ मिमीचा स्लायडर हा ४५ मिमीचाच. त्याला मोठी टोपी घालून काही होत नाही. त्यातून स्लायडर एका बोटाने ढकलावा लागतो, आणि घर्षणाचा स्वभाव असा की आधी हलतच नाही आणि हलला की हवा त्याच्यापुढे जाऊन थांबतो. नॉब आपण दोन बाजूंनी चिमटीत धरतो. दोन्ही बोटं एकमेकांना सांभाळतात, म्हणून केसभर फिरवणं जमतं. दोन ऑसिलेटर एका सुरात लावताना ते 'वँव वँव' हलणं मंद होत होत थांबवायचं असतं, तेव्हा हे केसभर फिरवणंच कामाला येतं. आणि त्या क्षणी डोळ्यांचं काही काम नसतं. मिटले तरी चालतात. किंबहुना मिटलेलेच बरे.

माझ्या लाडक्या २६०० चीसुद्धा इथे पंचाईत होते. त्याच्या ऑसिलेटरच्या एका स्लायडरवर १० हर्ट्झपासून १०,००० हर्ट्झपर्यंतचा पल्ला आहे, म्हणजे जवळजवळ दहा सप्तकं. नखभर हलला की राग बदलतो! म्हणून शेजारी बारीक जुळणीचा दुसरा स्लायडर द्यावा लागला. नॉबवाल्यांनाही असा दुसरा नॉब बऱ्याचदा द्यावा लागतो, हे खरं. पण सूर जुळवण्यासाठी स्लायडर देणं मला अजूनही पटत नाही, एआरपीने दिला तरी.

"आणि तंबोऱ्याचं काय?" असं एखादा संगीताचा जाणकार विचारेल. रास्त प्रश्न आहे. तंबोऱ्यावर दोन्ही आहेत. वरच्या खुंट्या पिळायच्या, आणि खाली घोडीपलीकडे तारेत ओवलेले मणी सरकवायचे. गंमत म्हणजे तिथे पिळणं ढोबळ कामासाठी आणि सरकवणं बारीक कामासाठी, माझ्या वरच्या हिशेबाच्या बरोबर उलट! पण जरा खोलात जाऊन बघा. खुंटी पिळली की तार थेट गुंडाळली जाते, थोड्याशा फिरवण्याने ताण खूप बदलतो. मणी मात्र भोपळ्याच्या उतारावर तारेला किंचित उचलतो, बोटभर सरकला तरी ताण जरासाच वाढतो. म्हणजे बारीक काम होतं ते सरकवण्यामुळे नव्हे. हाताच्या मोठ्या हालचालीचा आवाजात छोटा फरक पडतो म्हणून होतं. मिरजेच्या कारागिरांना हे कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मणी कुठे आहे हे कोणीही डोळ्यांनी वाचत नाही. तिथे राज्य कानाचंच. तेव्हा तंबोरा माझ्या विरोधात नाही, फक्त मला थोडं नीट बोलायला लावतो.

फिल्टरचंही तसंच. कटऑफ किती ठेवायचा हे बघून कोणाला कळलंय? १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रागांना डिस्कोच्या तालावर बसवून जी अजब रेकॉर्ड केली, तिच्यात रोलँडची तीन यंत्रं होती, जुपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. मॉड्युलर नव्हेत, पण जुपिटर स्लायडरांनी भरलेला आणि ३०३ वर चिमुकले नॉब, म्हणजे दोन्ही घराण्यांची जुगलबंदी एकाच टेबलावर. ३०३ चा तो ओला, चिकट, नाकातून बोलणारा आवाज कटऑफचा नॉब सुरांच्या रांगेखाली हळूहळू फिरवण्यात आहे. आकडा बघून ते होत नाही.

हाताबद्दल मात्र स्लायडरवाल्यांचा एक दावा मला बिनशर्त मान्य आहे. नॉबला दोन बोटं लागतात, म्हणजे एका हाताला एका वेळी एक नॉब. स्लायडरला एक बोट पुरतं, म्हणजे एका हाताला चार. टॉम डाऊड नावाचा अटलांटिक रेकॉर्ड्सचा ध्वनिमुद्रक होता. (हा गृहस्थ तरुणपणी अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम करून आलेला. तिथून जॅझच्या रेकॉर्डिंगला! करिअर बदलायला घाबरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) १९५० च्या दशकात मिक्सरवर गरगरीत मोठे नॉब असत. डाऊडने त्यांच्या जागी सरळ सरकणारे फेडर बसवून घेतले, म्हणजे पियानोच्या पट्ट्यांसारखे अनेक चॅनेल एकाच वेळी बोटांखाली येतील. आज कुठल्याही स्टुडिओत, कुठल्याही मांडववाल्याच्या मिक्सरवर आवाजाची पातळी स्लायडरने आणि सूरधार नॉबने लावतात. सत्तर वर्षांत ही वाटणी बदललेली नाही. मग तीच वाटणी मॉड्युलरच्या पॅनेलवर का पाळायची नाही?

का ते सांगतो. जागेमुळे. म्हणजे पैशामुळे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जर्मनीच्या डीटर डोप्फरने ए-१०० नावाची मालिका काढली आणि त्यातून युरोरॅक हे माप रूढ झालं. पॅनेलची उंची १२८.५ मिमी, रुंदी एचपीमध्ये मोजायची, १ एचपी म्हणजे ५.०८ मिमी. एका नेहमीच्या ओळीत ८४ एचपी. ही जागा म्हणजे दादर-माटुंग्यातला फ्लॅट. ज्याला त्याला कमी एचपीत जास्त काहीतरी कोंबलेलं हवं असतं, आणि बनवणारेही ते आनंदाने कोंबतात. बोटाच्या पेरापेक्षा बारीक नॉब, टोपी नाही, नुसता दांडा, आणि चारी बाजूंनी केबलींचं जंगल. आयात शुल्क भरून इतकी महागाची वस्तू घरी आणायची आणि फिरवायला चिमटा शोधायचा, हा कुठला न्याय?

आणि हा जागेचा युक्तिवाद नीट मोजला तर लंगडाच ठरतो. स्लायडर उंच असतो पण अरुंद असतो. दोन स्लायडरांमध्ये २ एचपी, म्हणजे सेंटिमीटरभर अंतर पुरतं, कारण बोट वरूनच येतं. नॉबला चारी बाजूंनी चिमूट जायला हवी, म्हणजे सुखाने वाजवायचं तर ४ एचपी. आठ घरांच्या सीक्वेन्सरला स्लायडर लावले तर १६ एचपी, नॉब लावले तर ३२. नाहीतर नॉब दोन मजल्यांवर रचायचे, म्हणजे आलेख गेलाच. जिथे एक-दोनच आकडे आहेत तिथे नॉब जागा वाचवतो, पण जिथे रांग आहे तिथे स्लायडरच वाचवतो. पोलंडमध्ये बनणारं बातुमी हे मॉड्यूल बघा. चार संथ लहरी, चार स्लायडर, आणि प्रत्येक स्लायडरच्या टोकात दिवा. अंधाऱ्या स्टेजवर कुठली लहर कुठे आहे ते एका नजरेत. पॅरिसच्या एमिली जिलेने २०१८ मध्ये काढलेल्या स्टेजेसवरही सहा स्लायडर असेच उजळतात, आणि खाली सहा नॉब. तिची कंपनी म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स २०२२ मध्ये बंद झाली, पण बरेचसे आराखडे मुक्त असल्यामुळे लोक अजून ती मॉड्यूल्स बनवतात.

एन्व्हलपबद्दल मात्र स्लायडरभक्तांना एक टोला हाणायलाच हवा. अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज असे चार स्लायडर शेजारीशेजारी असले की ते म्हणतात, बघा, आवाजाचा आकार दिसतो. काही दिसत नाही हो! चारांपैकी तीन आहेत वेळा आणि एक आहे पातळी. अटॅकचा स्लायडर वर नेला तर चित्रात उंची वाढते, पण प्रत्यक्षात आवाज सावकाश चढायला लागतो. म्हणजे मिनिटं आणि किलोमीटर एकाच आलेखात. तरीही मी तिथे स्लायडरच्या बाजूने मत देईन, कारण थोड्या सरावाने 'तबल्यासारखा' आकार आणि 'सारंगीसारखा' आकार डोळ्यांत बसतो. पण तो बसतो सवयीने, चित्र खरं आहे म्हणून नाही.

एका बाबतीत नॉब जिंकतो आणि त्याचं श्रेय कोणी देत नाही, ते म्हणजे बोलण्यात. नॉब सात वाजता सुरू होतो आणि पाच वाजता संपतो. "कटऑफ दोनला ठेव, रेझोनन्स साडेदहा" असं फोनवरही सांगता येतं. स्लायडरचं काय सांगणार? "अर्ध्याच्या जरा वर, म्हणजे तितकंही वर नाही..."

आणि धूळ. पुण्यात सतत कुठेतरी बांधकाम चालू असतं, वर पंखा गरगरत असतो, आणि स्लायडरची फट आकाशाकडे तोंड उघडून बसलेली. वर्षभरात कार्बनवर थर जमतो आणि सरकवताना खरखर ऐकू येते. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. जुन्या एआरपीवाल्यांचं तर स्लायडर साफ करणं हे व्रतच असतं. नॉबच्या भोकावर नट आणि टोपी असल्यामुळे तो बराच वाचतो. मी माझ्या खोक्यावर जुनी सुती ओढणी टाकून ठेवतो आणि काँटॅक्ट क्लीनरची बाटली हाताशी. आईला वाटतं देव्हारा आहे.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी व्हीसीव्ही रॅक उतरवून घ्या. २०१७ पासून उपलब्ध आहे, फुकट आहे, आणि संगणकावर हुबेहूब युरोरॅक उभा राहतो. त्यातली मजा अशी की पडद्यावर नॉब दिसतो गोल, पण माउसने तो फिरवायचा म्हणजे माउस वर-खाली ओढायचा. म्हणजे हाताला स्लायडर आणि डोळ्याला नॉब. दोन्हींमधलं वाईट तेवढं एकत्र!

याच्या बरोबर उलट जोडी मात्र एके काळी घरोघरी होती. आजोबांचा तो लाकडी पेटीचा व्हॉल्व्हचा रेडिओ. उजवा कान पिळायचा, मोठ्ठा, तळव्यात मावेल असा. आत दोरी, दोरीला कप्प्या, आणि काचेमागे एक काटा सरळ रेषेत सरकायचा, स्टेशनांच्या नावांवरून. हाताला पिळण्याची बारकाई, डोळ्याला सरळ पट्टी. स्टेशन पकडायचं कानाने आणि परत शोधायचं डोळ्याने. असं मॉड्यूल कोणी का बनवत नाही? भक्कम नॉब, त्याच्यावर आडवी काच, मागे पिवळा दिवा, काचेवर स्टेशनांऐवजी सा रे ग म छापलेलं, आणि दोरीने चालणारा काटा. दोरी तुटली तर घरी बदलता येईल अशी. माझ्या अंदाजाने ३० एचपी तरी लागतील. मी जागा करून ठेवली आहे.